विद्यापीठाच्या वार्तापत्रातलं 'यश आणि सन्मान' हे सदर कसं सांभाळावं

प्रश्न असा आला आहे: विद्यापीठाच्या मासिक वार्तापत्रात प्राध्यापक आणि शिक्षकेतर कर्मचाऱ्यांचे अलीकडचे पुरस्कार, निवडी, सन्मान यांचं एक सदर असतं. त्याची जबाबदारी नव्यानं अंगावर आली आहे. मेलमध्ये माहितीचा ढीग येतो. त्यातलं काय घ्यायचं, खरं-खोटं कसं करायचं, मजकूर कसा लिहायचा, आणि दर महिन्याला तीच दहा-बारा नावं येतात त्याचं काय करायचं?

मी एका विद्यापीठात हेच सदर सतरा वर्षं सांभाळलं. सुरुवातीची तीन-चार वर्षं आलेला मजकूर शुद्धलेखन तपासून छापणं एवढंच मी करत होते. पुढे एकेक गोष्ट कळत गेली, ती इथे सविस्तर लिहिते.

वाचणारा पुरस्काराचं नाव लगेच विसरतो. संस्था कुठली, सोहळा कुठे झाला, कुणाच्या हस्ते झाला, यातलं काही त्याच्या डोक्यात राहत नाही. काम काय होतं हे दोन वाक्यांत नीट सांगितलं असेल तर तेवढं राहतं. म्हणून ज्या नोंदीत 'कशासाठी' याचं उत्तर नाही, ती अपुरी समजून विभागाकडे परत पाठवायची, असा मी नियम करून घेतला. सुरुवातीला नाराजी झाली. वर्षभरात लोक आपणहून लिहून पाठवायला लागले.

विभागांकडून येणारा मजकूर साधारण असा असतो: 'आमच्या विभागातील ज्येष्ठ प्राध्यापकांना आंतरराष्ट्रीय स्तरावरील प्रतिष्ठेचा पुरस्कार नुकताच मान्यवरांच्या उपस्थितीत प्रदान करण्यात आला. त्यामुळे विद्यापीठाच्या शिरपेचात मानाचा तुरा खोवला गेला असून त्यांच्यावर सर्व स्तरांतून अभिनंदनाचा वर्षाव होत आहे.' पुरस्कार कुणी दिला, कधी दिला, कोणत्या कामासाठी दिला, यातलं काहीच यात नाही. असाच मजकूर एकदा भूशास्त्र विभागाकडून आला. मी त्या प्राध्यापक बाईंना फोन केला आणि विचारलं, 'मॅडम, या कामात तुम्ही नेमकं काय केलंत?' त्या वीस मिनिटं बोलल्या. शेवटी छापलं ते असं: 'भूजलात फ्लोराइड कुठल्या खडकातून उतरतं याचा शोध त्या नऊ वर्षं घेत आहेत. त्याच त्या विहिरींचं पाणी वर्षातून चार वेळा तपासल्यावर, पाणी जितका जास्त काळ खडकात मुरलेलं तितकं त्यात फ्लोराइड जास्त, असं त्यांना दिसलं. या कामासाठी भूजल अभ्यासकांच्या संघटनेनं त्यांना यंदाचा पुरस्कार दिला.' पुरस्कार शेवटच्या वाक्यात गेला. अंक निघाल्यावर आठवड्याभरात रसायनशास्त्र विभागातल्या एका तरुण शिक्षकानं बाईंना गाठलं. पाण्यातलं फ्लोराइड शोषून घेणाऱ्या पदार्थांवर त्याचं काम चाललं होतं. दोघांच्या इमारती चालत पाच मिनिटांवर होत्या, आणि तोवर एकमेकांचं नावही ठाऊक नव्हतं. हे सदर कशासाठी चालवायचं हे मला त्या दिवशी कळलं.

आता तपासणीकडे येते, कारण सगळ्यात जास्त वेळ तिथेच जातो.

नोंद बिघडते ती बहुतेक वेळा क्रियापदात. शोधनिबंध पाठवला, स्वीकारला गेला आणि प्रसिद्ध झाला, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्याकडे तिन्ही 'प्रसिद्ध झाला' म्हणूनच यायच्या. डीओआय क्रमांक, म्हणजे प्रसिद्ध झालेल्या निबंधाची कायमची डिजिटल ओळख, मागितला की निम्मा प्रश्न सुटतो. लेखकाचा ओआरसीआयडी क्रमांकही मागून ठेवा. २०१२ मध्ये सुरू झालेली ही सोळा अंकी ओळख असल्यामुळे एकाच नावाच्या दोन प्राध्यापकांची गल्लत होत नाही. आमच्याकडे एकाच आडनावाचे आणि आद्याक्षरांचे दोघेजण वेगवेगळ्या विभागांत होते, आणि एकदा एकाचा निबंध मी दुसऱ्याच्या नावावर छापला होता.

पेटंटच्या बाबतीत तर फारच जपून राहा. अर्ज दाखल होतो, मग तो प्रसिद्ध होतो, मग त्याची परीक्षा होते आणि त्यात टिकला तर पेटंट मंजूर होतं. बहुतेक देशांत पहिल्या अर्जाच्या तारखेपासून अठरा महिन्यांनी अर्ज आपोआप प्रसिद्ध होतो. म्हणजे 'पेटंट प्रकाशित झालं' याचा अर्थ कार्यालयानं अर्ज सर्वांसाठी खुला केला, एवढाच. कल्पना नवी आहे की नाही याचा निकाल अजून लागायचा असतो. 'आंतरराष्ट्रीय पेटंट मिळालं' असं कुणी लिहिलं तर तेही थांबवा. जागतिक बौद्धिक संपदा संघटना आंतरराष्ट्रीय अर्ज स्वीकारते, पण पेटंट देत नाही. ते त्या त्या देशाचं किंवा प्रदेशाचं कार्यालय देतं. अलीकडे आणखी एक प्रकार वाढला आहे, डिझाइनची नोंदणी करून तिला पेटंट म्हणायचा. डिझाइनमध्ये वस्तूचं दिसणं, आकार यांना संरक्षण मिळतं, ती काम कशी करते याला नाही. आणि अनेक देशांत ही नोंदणी नावीन्य तपासल्याशिवायच होते. अमेरिकेत 'डिझाइन पेटंट' अशी अधिकृत संज्ञा आहे हे खरं, पण तिथेही संरक्षण दिसण्यालाच असतं. मी 'डिझाइन नोंदणी' एवढंच छापायचे. नोंदणी असेल तर नोंदणी म्हणायला हरकत काय?

'नामांकन' हा शब्दही असाच घसरडा. कुणाचं नामांकन झालं ही बातमी फक्त तेव्हाच, जेव्हा देणारी संस्था स्वतः अंतिम यादी जाहीर करते. 'नोबेलसाठी नामांकन' असा मजकूर माझ्याकडे दोनदा आला. नोबेलची नामांकनं पन्नास वर्षं गुप्त ठेवली जातात, त्यामुळे या दाव्याची खातरजमा कुणालाच करता येत नाही. शिवाय शांतता पुरस्कारासाठी इतिहास, समाजशास्त्रं, कायदा, तत्त्वज्ञान, धर्मशास्त्र अशा विषयांचा कुठल्याही विद्यापीठातला प्राध्यापक नाव सुचवू शकतो. त्यामुळे एखादं नाव त्या यादीत असणं हा सन्मान ठरत नाही. दोन्ही वेळा मी छापलं नाही, आणि कारण त्या प्राध्यापकांना समोर बसून सांगितलं.

'फेलो' या शब्दाचंही तेच. लंडनच्या रॉयल सोसायटीचा फेलो होणं म्हणजे आयुष्यभराच्या कामाची पावती. आयईईई या अभियंत्यांच्या संघटनेत एका वर्षात मतदानाचा हक्क असलेल्या सदस्यांपैकी जास्तीत जास्त एक हजारांश लोकांनाच फेलो करता येतं, असा नियम आहे. पण अशाही संस्था आहेत जिथे अर्ज केला, वर्गणी भरली की फेलो होता येतं. शब्द एकच. नोंदीत एक वाक्य घाला: निवड कोण करतं आणि कशी. तेवढ्यानं वाचणाऱ्याला फरक कळतो, आणि कुणाचा अपमानही होत नाही.

'जगातील अव्वल दोन टक्के शास्त्रज्ञ' या यादीबद्दल मला सगळ्यात जास्त विचारतात. दरवर्षी ती प्रसिद्ध झाली की मेलचा पूर येतो, आणि प्रत्येकात 'स्टॅनफर्ड विद्यापीठानं गौरव केला' असं असतं. ही यादी स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन इओआनिडिस आणि त्यांचे सहकारी एल्सव्हिअर या प्रकाशन कंपनीच्या स्कोपस या माहितीसाठ्यावरून काढतात. त्या विद्यापीठानं दिलेला तो पुरस्कार नव्हे. कुणी निवड केलेली नसते. उद्धरणांवरून, म्हणजे इतरांच्या निबंधांत त्या कामाचे किती उल्लेख झाले यावरून, एक एकत्रित गुणांक काढतात आणि विषयांच्या १७४ उपशाखांत क्रम लावतात. याद्याही दोन असतात, एक संपूर्ण कारकिर्दीची आणि एक एकाच वर्षाची. हे दोन्ही एकत्र करून लिहिलं की वाचणाऱ्याची फसगत होते. मी ही बातमी गाळत नव्हते. लोक मेहनत करतात, त्यांच्या कामाचा उल्लेख इतर अभ्यासक करतात, हे नोंदवण्यासारखं आहेच. पण ती 'सन्मान' या मथळ्याखाली कधी घेतली नाही. वर्षातून एकदा वेगळी चौकट, कुठली यादी ते स्पष्ट लिहून, आणि नावं अकारविल्हे. क्लॅरिव्हेट ही कंपनी सर्वाधिक उद्धृत संशोधकांची 'हायली साइटेड' यादी काढते, तिलाही हाच न्याय. उद्धरणं फुगवण्याचे प्रकार इतके वाढले होते की २०२३ मध्ये त्या कंपनीनं गणित हा विषयच यादीतून बाजूला ठेवला आणि हजाराहून जास्त नावं छाननीत वगळली. ज्या आकड्यावर आकडा काढणाऱ्यांचाच पूर्ण भरवसा नाही, त्याला आपण सन्मानाचा शिक्का का मारायचा?

पैसे घेऊन मिळणारे पुरस्कार ओळखायला शिका. 'आपली निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरावे' असा मेल शिक्षकांना सतत येत असतो. मी चार गोष्टी विचारायचे. परीक्षक कोण होते? आधीच्या पाच वर्षांत हा कुणाला मिळाला? घेणाऱ्याला काही भरावं लागलं का? योग्य काम आलं नाही म्हणून कुठल्या वर्षी पुरस्कार दिलाच नाही, असं कधी झालं का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' आलं की पुढचं बघायची गरज नसते. एकदा नुकत्याच रुजू झालेल्या एका शिक्षकानं 'उत्कृष्ट अध्यापक' पुरस्काराचं प्रमाणपत्र मोठ्या आनंदानं आणून दिलं. शुल्क भरलं होतं का, असं विचारल्यावर तो बराच वेळ गप्प बसला. त्याला खरंच माहीत नव्हतं. मी ते प्रमाणपत्र बाजूला ठेवलं आणि तो वर्गात काय करतो ते विचारलं. संख्याशास्त्रात नापास झालेल्या मुलांसाठी तो दर शनिवारी दोन तास जास्तीचा वर्ग घेत होता. ते दोन सत्रं चाललं होतं आणि त्याच्या विभागप्रमुखांनाही त्याची नीटशी कल्पना नव्हती. पुढच्या अंकात ते छापलं. त्या मुलांपैकी दोघीतिघी माझ्या खोलीत अंक मागायला आल्या.

सामूहिक सन्मानांची एक स्वतंत्र गुंतागुंत आहे. २००७ चा नोबेल शांतता पुरस्कार आयपीसीसी या हवामानबदलावरच्या आंतरशासकीय मंडळाला आणि अल गोर यांना विभागून मिळाला. त्या मंडळाच्या अहवालांवर जगभरातल्या अनेक शास्त्रज्ञांनी काम केलं होतं आणि बऱ्याच ठिकाणी त्यांना 'नोबेल विजेते' म्हटलं जाऊ लागलं. शेवटी २०१२ मध्ये मंडळानंच स्पष्ट केलं की पुरस्कार संस्थेला आहे, कुणा व्यक्तीला नोबेल विजेता म्हणणं चूक आहे. २०२५ मध्ये मूलभूत भौतिकशास्त्राचा ब्रेकथ्रू पुरस्कार सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेतल्या चार मोठ्या प्रयोगगटांना मिळाला आणि त्यात १३,५०८ संशोधकांचा समावेश होता. तुमच्या विद्यापीठातलं कुणी त्यात असेल तर ती अभिमानाची गोष्ट आहे, जरूर छापा. पण 'ब्रेकथ्रू पुरस्कार मिळाला' असं न लिहिता 'ज्या गटाला मिळाला त्यात यांचा सहभाग होता' असं लिहा, आणि त्यापुढे त्यांनी तिथे काय केलं ते. कुणी कण टिपणाऱ्या यंत्राचा एक भाग जुळवलेला असतो, कुणी मोजमापातला गोंगाट वेगळा काढणारी आज्ञावली लिहिलेली असते. त्या एका वाक्यानं माणूस तेरा हजारांच्या गर्दीतून बाहेर येतो. शोधनिबंधांनाही हेच लागू. हिग्ज बोसॉन या मूलकणाच्या वस्तुमानावरच्या २०१५ मधल्या निबंधाचे ५,१५४ लेखक होते. तिथे 'सहलेखक' या शब्दातून काहीच कळत नाही, वाटा विचारावा लागतो.

आता मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते. तुमच्या प्रश्नात 'शिक्षकेतर कर्मचारी' हे शब्द आहेत, पण मेलच्या ढिगात त्यांचं एकही नाव नसणार, याची मला खात्री आहे. पुरस्कारांची सगळी व्यवस्था प्राध्यापकांसाठी उभी आहे. अभ्यासकांच्या संघटना, अकादम्या, नियतकालिकं, परिषदा, सगळीकडून त्यांची नावं येतात. उपकरणं दुरुस्त करणारा तंत्रज्ञ, हस्तलिखितांची सूची करणारी ग्रंथपाल, परीक्षा विभागात निकाल वेळेवर लावणारे लोक, यांच्यासाठी असं काही क्वचितच असतं. वाट बघत बसलात तर त्यांच्यासाठी काहीच येणार नाही. जाऊन शोधावं लागतं.

व्हिव्हियन थॉमस यांची हकीकत मी नव्या सहकाऱ्यांना नेहमी सांगत असे. १९३० मध्ये ते शल्यविशारद आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले. काम संशोधनाचं, पण कागदोपत्री हुद्दा आणि पगार सफाई कामगाराचा. ब्लॅलॉक जॉन्स हॉपकिन्सला गेले तेव्हा थॉमसही गेले. जन्मजात हृदयदोषामुळे निळ्या पडणाऱ्या बाळांवरची शस्त्रक्रिया त्यांनी प्रयोगशाळेत प्राण्यांवर घोटवून बसवली. २९ नोव्हेंबर १९४४ ला ती पहिल्यांदा एका मुलीवर झाली, तेव्हा थॉमस ब्लॅलॉक यांच्या मागे स्टुलावर उभे राहून टाके कसे घ्यायचे ते सांगत होते. शस्त्रक्रियेला नाव पडलं ते ब्लॅलॉक आणि बालहृदयतज्ज्ञ हेलन टॉसिग यांचं. विद्यापीठानं थॉमस यांना मानद डॉक्टरेट दिली १९७६ मध्ये, म्हणजे बत्तीस वर्षांनी. त्या शस्त्रक्रियेच्या नावात आता अनेक जण त्यांचंही नाव जोडतात. १९४४ च्या डिसेंबरात त्या विद्यापीठाच्या वार्तापत्राचं काम माझ्याकडे असतं तर मी काय छापलं असतं, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. बहुधा दोनच नावं. कारण मेल दोघांचेच आले असते.

ऑक्सफर्डच्या नॉर्मन हीटली यांचंही असंच. ते तंत्रज्ञ नव्हते, जीवरसायनशास्त्रज्ञ होते. पण पेनिसिलिन बुरशीच्या रसातून शाबूत बाहेर कसं काढायचं ही अडचण त्यांनी सोडवली, आणि युद्धाच्या टंचाईत बुरशी वाढवायला भांडी मिळेनात तेव्हा रुग्णांच्या बेडपॅनपासून सुरुवात करून शेवटी चिनीमातीची खास भांडी आखून घेतली. १९४५ चं नोबेल फ्लेमिंग, फ्लोरी आणि चेन यांना मिळालं. ऑक्सफर्डनं हीटलींना वैद्यकातली मानद डॉक्टरेट १९९० मध्ये दिली. ती मिळवणारे ते पहिले अवैद्यक होते.

अशी माणसं शोधायची माझी रीत साधी होती. दर महिन्याला नव्यानं मान्य झालेल्या आठ-दहा प्रबंधांची फक्त आभाराची पानं वाचायची. मार्गदर्शक, आई-वडील, मित्रमैत्रिणी यांच्या पुढे, शेवटच्या परिच्छेदात, जी नावं येतात ती लिहून काढायची. एकदा रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र मिळून सात प्रबंधांत एकच नाव सापडलं, आणि ते चार वेगवेगळ्या प्रकारे लिहिलेलं होतं. ते होते कार्यशाळेतले ग्लासब्लोअर. मी भेटायला गेले तेव्हा ते ज्वालेवर क्वार्ट्झची नळी फिरवत होते. हात थांबवता येत नव्हता म्हणून मला दाराशी उभं राहायला सांगितलं. नळी एका लयीत फिरत होती, टोक लाल होऊन पांढरं झालं, मग त्यांनी ते दुसऱ्या नळीला टेकवलं आणि रबरी नळीतून अगदी हलकी फुंकर घातली. सांधा एवढा सपाट झाला की बोटाला कळला नसता. बाजूला साध्या काचेचे तुकडे भट्टीत रात्रभर हळूहळू निवायला ठेवले होते. 'घाईनं थंड केली की काच आतून ताणलेली राहते. आज दिसत नाही, महिन्यानं तडकते,' ते म्हणाले. अतिनिर्वात निर्माण करणाऱ्या ज्या साखळीवर त्या सातही जणांचे प्रयोग झाले होते, ती त्यांनी बनवली होती आणि दर सत्रात दुरुस्त केली होती.

मी त्यांना पहिला प्रश्न विचारला, नाव नेमकं कसं लिहायचं. त्यांनी स्वतः माझ्या वहीत लिहून दिलं. नोंद आठ ओळींची झाली: काय बनवलं, कुणाच्या कामी आलं, किती वर्षं करत आहेत. पुरस्कार नव्हताच. तरी ती 'यश आणि सन्मान' मध्येच घेतली, प्राध्यापकांच्या नोंदींमध्ये, वेगळ्या कोपऱ्यात नाही. अंक निघाल्यावर दुसऱ्या दोन विभागांतून फोन आले की आपल्याकडे असं काम होतं हे आम्हाला माहीतच नव्हतं, आम्ही बाहेरून करून घेत होतो.

कर्मचाऱ्यांसाठी निकष वेगळा लावावा लागतो, तो मी असा धरला: यांच्या कामामुळे दुसऱ्या कुणाचं काम बदललं का? ग्रंथपालानं सूची केली आणि तिच्या आधारे प्रबंध झाला. लिपिकानं शिष्यवृत्तीच्या अर्जातल्या अनावश्यक पायऱ्या काढल्या आणि मुलांच्या खेपा वाचल्या. सुरक्षारक्षकानं नोकरी सांभाळत पदवी घेतली असेल तर तीही घ्या, पण कौतुकाच्या सुरात नको. विषय कोणता होता, काय अभ्यासलं, ते विचारा. प्राध्यापकाच्या नोंदीत ज्या गंभीरपणे विचारता त्याच गंभीरपणे. आणि नावाआधी श्री. किंवा श्रीमती, पूर्ण नाव, हुद्दा, विभाग. 'कार्यशाळेतील एक कर्मचारी' असं कधीही नको.

तीच ती नावं येतात, त्याबद्दल. यावर समाजशास्त्रात जुना विचार झालेला आहे. ज्याला मान मिळाला आहे त्यालाच पुढचा मान सहज मिळतो, याला रॉबर्ट मर्टन यांनी १९६८ मध्ये 'मॅथ्यू परिणाम' म्हटलं. तो निबंध बराचसा हॅरिएट झुकरमन यांनी नोबेल विजेत्यांच्या घेतलेल्या मुलाखतींवर उभा होता, आणि पुढे मर्टन यांनीच मान्य केलं की तो दोघांच्या नावानं यायला हवा होता. १९९३ मध्ये मार्गारेट रॉसिटर यांनी स्त्रियांचं श्रेय पुरुष सहकाऱ्यांच्या खाती जमा होण्याला 'मटिल्डा परिणाम' हे नाव दिलं, एकोणिसाव्या शतकातल्या मटिल्डा जॉस्लिन गेज यांच्यावरून. आणि हे जुनं झालेलं नाही. डॉना स्ट्रिकलंड यांना २०१८ चं भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तेव्हा विकिपीडियावर त्यांच्या नावाचं पान नव्हतं. कुणीतरी केलेला मसुदा त्याच वर्षी मे महिन्यात, पुरेशी दखल दिसत नाही म्हणून नाकारला गेला होता. लेसरचे अतितीव्र स्पंद निर्माण करण्याचं त्यांचं आणि जेरार मुरू यांचं काम १९८५ चं. नोबेल जाहीर झालं तेव्हा कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात त्या सहयोगी प्राध्यापकच होत्या, कारण वरच्या पदासाठी त्यांनी अर्जच केला नव्हता.

शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. अर्ज न करणारी, स्वतःबद्दल न कळवणारी माणसं प्रत्येक विद्यापीठात असतात. तुमचं सदर फक्त आलेल्या मेलवर चालत असेल तर ती कायमची बाहेर राहतात. मी एक वही ठेवली होती. प्रत्येक विभागापुढे गेल्या बारा महिन्यांत कुणाकुणाची नोंद आली ते लिहायचे. ज्या विभागाचं पान कोरं, तिथे महिन्यातून एकदा जायचं. विभागप्रमुखाला भेटण्याआधी तिथल्या कार्यालयात बसायचं, कारण कोण काय करतंय हे कार्यालयातल्या माणसांना जास्त माहीत असतं. आणि प्रश्न 'कुणाला काही मिळालं का' असा विचारायचा नाही. 'सध्या कुणाचं काम रंगात आलं आहे' असं विचारायचं. एकाच प्राध्यापकाच्या वर्षात पाच नोंदी आल्या तर मी त्या एकत्र करून एकदाच छापायचे, आणि हे त्यांना आधी सांगायचे. बहुतेकांनी ते समजून घेतलं.

काही गोष्टी थोडक्यात. संमतीशिवाय कुणाचंही छापू नका. काही माणसांना खरंच नको असतं, आणि त्याची कारणं विचारायचा आपल्याला अधिकार नाही. पुरस्काराच्या पत्रात जाहीर करण्याची तारीख दिलेली असते, मोठ्या नियतकालिकांतल्या निबंधांनाही तशी तारीख असते. मी एकदा ती नीट न वाचता नोंद चार दिवस आधी छापली, आणि त्या प्राध्यापकांना देणाऱ्या संस्थेकडे माफी मागावी लागली. चूक माझी, त्रास त्यांना. तेव्हापासून तारीख पाकिटावरच लाल शाईनं लिहायला लागले. एखाद्याविरुद्ध चौकशी चालू असेल तर ती नोंद तुम्ही एकट्यानं ठरवू नका, कुलसचिवांना विचारा आणि उत्तर लेखी घ्या. छापलेला निबंध नंतर मागे घेतला गेला, तर तेही त्याच सदरात, तेवढ्याच अक्षरात छापा. हे अवघड जातं, पण एकदा केलं की लोकांचा बाकीच्या नोंदींवर विश्वास बसतो.

दुरुस्त्यांसाठी जागा ठेवाच. नाव चुकणं ही लहान चूक नसते. वार्तापत्राचे अंक ग्रंथालयात बांधून ठेवले जातात, आणि तीस वर्षांनी विद्यापीठाचा इतिहास लिहायला बसणारा माणूस तिथेच येतो. सेवानिवृत्त आणि दिवंगत सहकाऱ्यांच्या कामाला उशिरा मान मिळाला तर तोही घ्या, घरच्यांना आधी कळवून.

पहिला अंक तुमच्या हातून कधी निघणार आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण या आठवड्यात मेल उघडायच्या आधी ग्रंथालयात जा. गेल्या सत्रात मान्य झालेले दहा प्रबंध काढून घ्या आणि त्यांची आभाराची पानं वाचा. दोनदा आलेलं नाव दिसलं की त्या माणसाच्या खोलीपर्यंत चालत जा. फोनवर ही माणसं 'तसं काही विशेष नाही' म्हणतात. हातातलं काम दाखवायला लागली की बोलतात. वही बरोबर न्या, आणि नाव त्यांच्याच हातानं लिहून घ्या.